द्वारकी आणि साकवावरची पिलं

ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची मला खात्री नाही. शिरंगोळला माझी मावशी दिली होती आणि तिच्याच तोंडून लहानपणी मी ती ऐकली. पण पुढे आयुष्यभर मी इतक्या गावांच्या इतक्या कथा वाचल्या, की मावशीने सांगितलेलं कुठलं आणि मी वाचलेलं कुठलं, हे आता वेगळं करता येत नाही. कोंबडी काबरी होती, एवढं पक्कं. पिलं किती होती ते मावशी दर वेळी वेगळं सांगायची, म्हणून मी ते सांगणारच नाही. जिथे चुकेन तिथे शिरंगोळच्या माणसांनी मला सांभाळून घ्यावं.

तर फार वर्षांपूर्वी, शिरंगोळपर्यंत बैलगाडीसुद्धा पोचत नव्हती, तेव्हा हे घडलं.

शिरंगोळ हे कोकणातलं, डोंगर आणि खाडी यांच्या बेचक्यात बसलेलं गाव. गावाच्या तोंडाशी एक वहाळ आहे, म्हणजे ओढा, आणि तीच गावाची हद्द. वहाळावर तेव्हा साकव होता. पोफळीची दोन खोडं शेजारी शेजारी टाकून वेलीने बांधलेली, धरायला काही नाही. गावची माणसं डोक्यावर भाताचा भारा घेऊन त्यावरून झपझप जात, आणि पाहुणे बसून सरकत सरकत जात.

हे गाव काही वर्षांनी एकदा पळण पाळत असे. मार्गशीर्षात, भात घरात आलं, की देवाला कौल लावायचा. देवाने होकार दिला की सगळ्या गावाने घरंदारं सोडून वहाळाच्या अलीकडच्या माळावर येऊन राहायचं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, जे जे जितं आहे ते सगळं बाहेर. चुली विझवायच्या, दारं उघडी टाकायची. तीन दिवस आणि तीन रात्री गाव देवाचं आणि न दिसणाऱ्या राखणदाराचं. त्या दिवसांत कुणी साकवावरून पलीकडे पाऊल टाकायचं नाही आणि पलीकडे रक्त सांडायचं नाही. तीन रात्री सरल्या की गुरव माळावरच्या वडाखालच्या पाषाणाला तांदळाचे ओले दाणे चिकटवायचा. उजवीकडचा दाणा आधी पडला तर घरी जायचं, डावीकडचा पडला तर थांबायचं.

आणि एक रीत होती. निघताना जितं मोजायचं नाही. मोजलं की त्यातलं एखादं कमी होतं, असं मानत. म्हणून गावकर, म्हणजे गावचा पहिला मानकरी, साकवाच्या तोंडाशी उभा राहायचा आणि प्रत्येक घराला विचारायचा, की मागे काही राहिलं नाही ना? घरच्या माणसाने नाही म्हणायचं आणि पुढे व्हायचं. सगळी पळण या एका 'नाही'वर चालायची.

गावाच्या कडेच्या घरात द्वारकी नावाची सून होती. तिचा नवरा गलबतावर खलाशी म्हणून गेला तो परत आला नव्हता. गलबत बुडालं असं सगळे म्हणत, फक्त त्याची आई तसं म्हणत नसे. म्हातारी डोळ्यांनी आंधळी आणि पायांनी अधू, पण उंबरठ्याजवळची जागा सोडायची नाही. मुलगा आला तर याच दारात येईल, दुसरं दार त्याला ठाऊक नाही, असं ती म्हणायची. द्वारकी तिला जेवू घालायची, न्हाऊ घालायची आणि तिच्या शेजारी बसून दाराकडे बघायची. त्या दोघींच्या घरात तिसरा जीव एकच, काबरी कोंबडी. करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची, तापट, हात लावला की चोच मारणारी. म्हातारीने तिचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्यावर रागावण्यात म्हातारीचा दिवस चांगला जायचा.

त्या वर्षी झोडणीच्या दिवसांत काबरी नाहीशी झाली. परसात पिसं पडलेली मिळाली. द्वारकीने दोन दिवस शोधलं, मग ती समजली काय झालं ते. म्हातारीने तर तिच्या नावाने एक दिवस जेवणही केलं नाही. पुढे पळणीचा कौल आला. गाव निघालं. म्हातारीला डोलीत घालून दोन माणसांनी खांद्यावर घेतलं, मागून द्वारकी भांड्यांची टोपली घेऊन चालली. साकवाच्या तोंडाशी नागू गावकराने विचारलं, तुझी कोंबडी कुठे?

"काबरी नाय आता," द्वारकी म्हणाली. "मुंगसान व्हरल्यान तिका." म्हणजे मुंगसाने नेलं तिला.

आणि ती पुढे गेली. ती खोटं बोलली नव्हती.

तीन रात्री सरल्या. गुरवाने कौल लावला. डावा दाणा पडला. पुन्हा लावला, पुन्हा डावा. माणसं एकमेकांकडे बघू लागली. गुरव म्हणाला, देव सांगतोय गाव रिकामं नाही. आणि तेवढ्यात, असं म्हणतात, वहाळाच्या पलीकडून आवाज आला. कुर्र, कुर्र. सगळ्या माळाने माना वळवल्या. द्वारकीच्या घरामागच्या पेंढ्यांच्या उडवीखालून काबरी बाहेर आली होती. अंग फुगवलेलं, पंख खाली सोडलेले, आणि मागे पिलं. ती मेली नव्हती. उडवीच्या पोटात शिरून चोरून अंड्यांवर बसली होती. पिलांना घेऊन ती वहाळाकडे पाणी प्यायला आली, आणि सगळं गाव अलीकडून बघत राहिलं.

म्हातारीला कुणीतरी सांगितलं. ती आधी हसली आणि मग तिने कान दिला, कारण नागू गावकर बोलत होता.

नागू गावकर वाईट माणूस नव्हता, असं मावशी नेहमी म्हणायची. पण त्याला घाई फार. माळावर थंडी होती, लहान मुलं खोकत होती, गुरांचा चारा संपत आला होता आणि सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे होती. तो म्हणाला, गाव रिकामं झाल्यावर पुन्हा तीन रात्री धरायच्या. पण रिकामं होणार कसं? पलीकडे जाता येत नाही, आणि इथून दगड मारून मारताही येत नाही. मग त्याने वडाखाली उभं राहून निर्णय सांगितला.

"ज्याचा जनावर गावात ऱ्हवला, तेचा घर गावाभायर ऱ्हवतला."

म्हणजे कोंबडी आणि तिची पिलं जिवंत बाहेर आली नाहीत, तर देवाला दंड भरून गाव आत जाईल, पण द्वारकी आणि तिची सासू माळावर राहतील. कायमची. त्यांचं घर मोडून टाकलं जाईल.

 म्हातारीने द्वारकीचा हात धरला आणि एकच गोष्ट विचारली, की घर मोडलं तर तो येईल कुठे?

आता खरं तर काबरी आपल्याच माणसाची कोंबडी. हाक मारली की यायला हवी. द्वारकीने हाक मारलीही. पण अंड्यांवरून उठलेली कोंबडी पहिली कोंबडी राहत नाही. काबरीने मान उंच केली, घशातून एक लांबट आवाज काढला आणि पिलं झुडपात दिसेनाशी झाली. ज्या पिलांनी माणूस कधी पाहिला नाही, ती माणसाला आईच्या डोळ्यांनी बघतात. आई म्हणाली भ्या, की ती भितात. त्यांना कितीही गोड बोलावून उपयोग नसतो.

पोरं मदतीला धावली आणि त्यांनी गोष्ट बिघडवली. खाडीवरच्या एका तरुणाने पाग आणला, मासे धरायचं फेकजाळं. साकवावर अर्ध्यापर्यंत जाऊन, हद्द न ओलांडता, त्याने तो पलीकडच्या काठावर फेकला. फेक चांगली पडली, पण जाळं कोंबडीवर पडत नसतं. एका पिलाचा पाय जाळ्यात अडकला. काबरी त्या जाळ्यावर अशी तुटून पडली, की तरुणाने भिऊन दोरी सोडली. पिलू सुटलं. जाळं वहाळात गेलं. आणि त्या दिवसापासून अलीकडच्या काठावर कुणी नुसतं उभं राहिलं, तरी काबरी पिलांना घेऊन पार उडवीमागे जायची.

तेव्हा द्वारकीने गावकराकडे एकच मागणं मागितलं. साकवाजवळ मी सोडून कुणी यायचं नाही. कुत्री बांधून ठेवायची. गावकर म्हणाला, किती दिवस? ती म्हणाली, ते काबरी सांगेल.

दुसऱ्या सकाळी ती साकवाच्या अलीकडच्या टोकाला जाऊन बसली. पण कशी बसली, तर गावाकडे पाठ करून. मागे, साकवाच्या खोडांवर, तिने तांदळाची कणी टाकली होती आणि ती माळाकडे तोंड करून नुसती बसून होती. बायका हसल्या. हिला वेड लागलं, असं एकीने म्हातारीच्या कानावर घातलं. संध्याकाळी म्हातारीने विचारलं, गावाकडे पाठ करून कित्याक बसलंस गो?

"घार बघता, आये. मुंगूस बघता," द्वारकी म्हणाली. "मी पण बघूक लागलंय, तर माझ्यात नि तेंच्यात फरक काय?"

म्हातारी आंधळी होती. तिला हे लगेच पटलं.

असे दिवस गेले. किती, ते मला ठाऊक नाही. कुणी पंधरवडा म्हणतं, कुणी पुरा महिना. मला पंधरवडाच खरा वाटतो, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. द्वारकी रोज एकाच जागी, एकाच लुगड्यात, एकाच बाजूला मान करून बसायची. डोक्यावर पदर, हात मांडीवर. खोकला आला तर गिळायची. तिच्या खांद्यावर भारद्वाज येऊन बसला, असं म्हणतात. तिच्या पायावरून सरडा गेला आणि थांबून ऊन खात बसला, असंही म्हणतात. दुपारी तिची सावली हलायची तेवढीच.

आधी काबरी दुरून बघायची. मग एक दिवस साकवाच्या पलीकडच्या टोकावरची कणी नाहीशी झाली. मग द्वारकीने हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. माणसाचं नव्हे. कोंबडी दाणा दिसला की पिलांना जसं बोलावते तसं, टुक टुक टुक. पाठ केलेलीच. पलीकडून काबरीने मान तिरकी करून ऐकलं. आपल्यासारखं हे कोण बोलतंय, असं तिला झालं असावं.

मग द्वारकीने वारुळाकडे मोर्चा वळवला. माळावरच्या वारुळाचं ढेकूळ फोडून त्यातली वाळवी ती करवंटीत आणायची. वाळवीपुढे कोंबडीचं काही चालत नाही, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या दिवशी करवंटी साकवाच्या मध्यावर, दुसऱ्या दिवशी थोडी अलीकडे, मग आणखी अलीकडे. आणि एका सकाळी काबरी एकटी साकव ओलांडून आली आणि द्वारकीच्या पाठीमागे उभी राहिली. द्वारकीने हात मागे नेला, जमिनीवर ठेवला आणि मूठ उघडली. वरून नाही, खालून. तळहात मातीला टेकलेला. काबरीने सवयीने आधी एक चोच मारली आणि मग खाल्लं.

माळावर सगळ्यांनी हे पाहिलं. लांबून नागू गावकर दबक्या आवाजात म्हणाला, "धर गो तिका, धर."

द्वारकीने हात हलवला नाही. काबरी पोटभर खाऊन परत गेली. संध्याकाळी गावकर तावातावाने तिच्या माळावरच्या झोपडीपाशी आला. हातात आलेली कोंबडी सोडलीस, सगळं गाव इथे कुडकुडतंय आणि तू कोंबडीला जेवण वाढतेस, असं बरंच काही बोलला.

"कोंबयेची आवस झालंस काय, द्वारके?" म्हणजे तू कोंबडीची आई झालीस का?

"कोंबी धरूक येयत," ती म्हणाली. "मगे पिलां कोण हाडतलो? तुमी?"

म्हणजे आई धरता येईल, पण मग पिलं कोण आणणार? आणि ते खरंच होतं. आई धरली असती तर पिलं पलीकडच्या रानात पांगली असती, रात्रीत एकेक संपली असती, आणि गावात रक्त सांडलं असतं. गावकर परत गेला. पण जाताना त्याने सांगितलं, की येत्या अमावास्येपर्यंत वाट बघेन. पुढे नाही.

आता खरी अवघड गोष्ट उरली होती. काबरी रोज येऊ लागली, पण पिलं साकवाच्या पलीकडच्या टोकाला थांबायची. एखादं पुढे आलं की काबरी स्वतःच त्याला दटावून मागे लावायची. तिचा द्वारकीवर विश्वास बसला होता, तो तिच्यापुरता. पिलांच्या बाबतीत ती कुणावर विश्वास ठेवायला तयार नव्हती. द्वारकीला हे कळत होतं. तिने पिलांना एकदाही बोलावलं नाही. ती फक्त काबरीला खायला घालत राहिली, आणि रोज तिला थोडं थोडं कमी भूक लागेल इतकं जास्त देत राहिली. असं म्हणतात की ती म्हातारीच्या आणि आपल्या वाट्याच्या पेजेतली कणी काबरीला घालायची, आणि म्हातारी रोज विचारायची, की आज खाल्लं का तिने?

आणि मग एक दिवस काबरीचं पोट भरलं आणि हातात दाणे उरले. तेव्हा तिने मान वर केली, पलीकडे बघितलं आणि आपल्या तोंडाने हाक दिली. टुक टुक टुक.

पिलं साकवावर चढली.

मावशी इथे नेहमी थांबायची. चुलीत लाकूड सारायची. मीही थांबतो, कारण त्या साकवाची मला अजून भीती वाटते. दोन गुळगुळीत खोडं, मध्ये फट, खाली वहाळाचं पाणी, आणि त्यावरून मुठीएवढी पिलं एकामागे एक येताहेत. माळावर खोकणारी मुलं आयांनी छातीशी धरली होती. द्वारकीला काही दिसत नव्हतं, कारण तिची पाठ होती. तिने फक्त माळावरच्या माणसांचे चेहरे पाहिले आणि त्यावरून तिला समजलं, की पिलं निघाली.

पिलं साकवाच्या मध्यावर आली आणि माळावरचे सगळे चेहरे एकदम वर झाले.

घार होती.

काबरीने भीतीचा आवाज काढला. त्या आवाजाला पिलं रानाकडे पळतात, झुडपात शिरतात. आजवर ती दर वेळी पलीकडे पळाली होती. पण आता पिलांच्या मागे अर्धा साकव होता आणि पुढे अर्धा साकव होता. पिलांनी आईकडे बघितलं. आणि काबरी मागे गेली नाही. ती द्वारकीच्या मांडीशी येऊन दबून बसली आणि तिथून तिने हाक दिली. सगळी पिलं पुढे धावली, द्वारकीच्या पदराखाली, ओच्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे शिरली. घारीची झेप चुकली नाही, फक्त पिलांवर पडली नाही. ती द्वारकीच्या खांद्यावर पडली. नखं मांसात गेली.

द्वारकी हलली नाही. ओरडली नाही. हात वर केला नाही, कारण हात वर केला असता तर पिलं भ्याली असती.

असं म्हणतात की घारीने तीन घिरट्या घातल्या आणि तिन्ही वेळा द्वारकीने डोळेसुद्धा मिटले नाहीत. तिसऱ्या वेळी घार साकवावर उतरली, पंख मिटून बसली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग डोंगराकडे गेली. तेव्हापासून शिरंगोळच्या हद्दीत घार पिलावर उतरत नाही, असं म्हणतात. मी स्वतः एकदा उतरलेली पाहिली आहे. पण ती शेजारच्या गावची हद्द असण्याची शक्यता आहे.

मग सगळ्या माळाला वाटलं, आता टोपली आणावी आणि वर पालथी घालावी. पण कुणी जागचं उठलं नाही. नागू गावकरसुद्धा नाही. उलट एक कुत्रं गुरगुरलं, तर त्यानेच त्याचं तोंड दाबून धरलं. पिलं पदराखाली झोपली. काबरीने द्वारकीच्या मांडीवर चोच पुसली. उन्हं कलली. आणि द्वारकी हळूच उठली तेव्हा कुणी तिच्यापासून पळालं नाही. ती माळावरून आपल्या झोपडीकडे चालली, मागे काबरी, मागे पिलं, आणि तिच्या पाठीवर रक्त वाळलेलं.

म्हातारीने जमिनीवर हात ठेवला. मातीला टेकवून, उघडा. कुणी तिला शिकवलं नव्हतं. एक पिलू चढून तिच्या तळहातावर बसलं. तिने विचारलं, हे कुठल्या रंगाचं? द्वारकी म्हणाली, आईसारखं. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, द्वारकी रडली. सगळ्या माळाला सुटल्यासारखं झालं. बायकांनी चुली मोठ्या केल्या. कुणीतरी हसायला लागलं, आणि ज्याने पाग फेकला होता तो जाऊन द्वारकीच्या जखमेसाठी पाला घेऊन आला.

अमावास्या अजून दोन दिवस पुढे होती.

त्यानंतर तीन रात्री धरल्या आणि गुरवाने कौल लावला. उजवा दाणा पडला. इतका झटकन पडला, की गुरवाचा हात अजून पाषाणावरच होता, असं म्हणतात. ढोल वाजू लागले. माणसांनी सामान उचललं. रीतीप्रमाणे नागू गावकर पहिला निघायचा, मग गुरव, मग मानाची घरं. पण साकवाच्या तोंडाशी काबरी पिलांना घेऊन उभी होती आणि ढोलाने बावरली होती. पिलं इकडेतिकडे होऊ लागली. द्वारकीने गावकराकडे बघितलं. 

गावकराने हात वर करून ढोल बंद केला.

काबरी साकवावर चढली. मागे पिलं. त्यांच्या मागे द्वारकी, तिच्या मागे डोलीत म्हातारी, आणि त्यांच्या मागे नागू गावकर आणि सगळं गाव. कोंबडीच्या चालीने. काबरीला काही घाई नव्हती. साकवाच्या पलीकडे उतरल्यावर तिने रस्त्यात एक शेणाचा पो उकरला. पिलांना दाखवला. गाव थांबलं. मग ती पाच पावलं गेली आणि धुळीत अंग घुसळत बसली. गाव पुन्हा थांबलं. ज्या गावकराला आयुष्यभर घाई होती, तो हातातली काठी टेकून इवलीइवली पावलं टाकत होता.

डोलीतून म्हातारी म्हणाली, "जल्मात पयल्यांदा गावकर माझ्या पाठसून चलता."

हसण्याची लाट मागच्या माणसापर्यंत गेली, आणि मागच्याला कारण कळायच्या आत तोही हसला. गावकरही हसला, असं म्हणतात. द्वारकीच्या घरापर्यंत पोचायला दुपार झाली. म्हातारीला उंबरठ्याजवळ, तिच्या जागी बसवलं. घर जसं सोडलं होतं तसंच होतं, दार उघडं. तिचा मुलगा पुढे कधी आला नाही. पण दार होतं, आणि म्हातारी त्याच दारात, कितीतरी वर्षांनी, झोपेत गेली.

द्वारकी त्यानंतर खूप जगली. आसपासच्या गावांतून बायका रानटी झालेल्या कोंबड्या आणि पिलं घेऊन तिच्याकडे यायच्या आणि ती त्यांना सांगायची, की पिलांच्या मागे लागू नका, आईशी बोला. तिच्या परसात चालताना पाय बघून टाकावा लागायचा, इतकी पिलं तिच्याभोवती असायची. रानकोंबड्याही तिच्या हातावर खायच्या, असं म्हणतात. घारीच्या नखांचा वळ तिच्या खांद्यावर शेवटपर्यंत होता. तो दुखला की पाऊस येतो, असं गाव समजायचं आणि पेरणीला हात घालायचं.

तिच्या शेवटच्या पळणीला ती फार म्हातारी झाली होती. गाव परत निघालं तेव्हा ती साकवाच्या अलीकडे बसून राहिली. तुम्ही व्हा पुढे, मागे कोणी राहिलं असेल तर मी त्याला घेऊन येते, असं म्हणाली. पाठ गावाकडे, हात जमिनीवर, मूठ उघडी. संध्याकाळी लोक बघायला आले तेव्हा ती तिथे नव्हती. तिथे एक दगड होता, बसलेल्या बाईएवढा, आणि दगडाच्या सावलीत एक कोंबडी पिलं घेऊन बसली होती. असं म्हणतात.

तो दगड आजही आहे. त्याला तेल-शेंदूर लावत नाहीत. पळणीला निघण्याआधी प्रत्येक घरातलं एक माणूस त्याच्यापुढे मूठभर कणी टाकतं, वरून न टाकता, हात मातीला टेकवून. निघण्याच्या आदल्या दिवशी गावातली प्रत्येक उडवी हात घालून बघतात. शिरंगोळात पिलाला वरून हात घालत नाहीत. नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात, आणि माझ्या मावशीलाही शिकवलं होतं. आणि परत येताना ढोल वाजत नाही. सगळ्यांच्या पुढे एक कोंबडी आणि तिची पिलं चालतात, आणि त्यांच्या मागे, त्यांच्या चालीने, गाव.

हे शेवटचं मला खरं वाटत नव्हतं. एवढं गाव एका कोंबडीसाठी खोळंबतं, ही मावशीच्या प्रेमाची भर असणार, असं मी धरून चाललो होतो. मावशी गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी पळणीच्या शेवटच्या दिवशी मुद्दाम तिथे गेलो. साकवाच्या जागी आता सिमेंटचा पूल आहे आणि त्यावरून डांबरी रस्ता जातो. सकाळीच कौल मिळाला होता. ट्रॅक्टर, टेम्पो, गुरं, डोक्यावर गॅसची शेगडी घेतलेल्या बायका, सगळे पुलाच्या अलीकडे उभे होते, आणि पुलाच्या मध्यावर एक तांबडी कोंबडी पिलांना घेऊन काहीतरी टिपत होती. कुणी शुकशुक केलं नाही. त्या गर्दीच्या मागे वरच्या गावाला जाणारी एसटी अडकली होती. मी ड्रायव्हरपाशी गेलो आणि विचारलं, की तुम्ही इथलेच का? तो म्हणाला, नाही, मी साताऱ्याकडचा, या रूटवर आजच पहिल्यांदा आलोय. त्याने इंजिन बंद केलेलं होतं.

मी घड्याळात बघितलं नाही. पण ऊन डोक्यावरून कलेपर्यंत आम्ही सगळे तिथे उभे होतो, आणि त्या वेळात हॉर्न एकदाही वाजला नाही.